गिळा म्हणू नका

“आता आपण गिळा,” बाई माझ्या आईला म्हणाल्या.

वॉर्डातला पंखा दर फेरीला कण्हायचा. त्या क्षणी तोसुद्धा कण्हायचा थांबला असं मला वाटलं.

आईच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं कॉटशेजारच्या कपाटावर ठेवला आणि पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला. हातातलं खाली ठेवणं आणि पदर पुढं घेणं, ही दोन्ही आमच्या घरात वादळाची लक्षणं समजली जात.

“काय म्हणालात?”

“गिळा,” बाई अत्यंत प्रेमळपणे म्हणाल्या. “प्रथम मातोश्रींनी गिळावे. ते पाहून चिरंजीव गिळतील. लाजू नये. सर्वच माणसे गिळतात. मोठे डॉक्टरसाहेबसुद्धा रोज गिळतात.”

मी कॉटवर बसलो होतो. वरचे आणि खालचे दात रबराच्या कड्यांनी एकमेकांना बांधलेले, एक नळी नाकातून पोटात गेलेली, तिचं बाहेरचं टोक गालावर चिकटपट्टीनं डकवलेलं. बोलायला बंदी होती. शेजारी पाटी आणि खडू.

“माझ्या सासूनंसुद्धा मला कधी ‘गिळ’ म्हटलं नाही,” आई म्हणाली. “आणि माझी सासू काय चीज होती ते तासगावात कुणालाही विचारा!”

“त्यांना गिळण्याचा त्रास होता का?” बाईंनी काळजीनं विचारलं.

आईनं पिशवी उचलली, छत्री उचलली. “चिंतामणी, ह्या बाईच्या हातनं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सांगून ठेवते.” आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर, वॉर्डाकडे पाठ करून जाऊन बसली.

बाई माझ्याकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “मातोश्री घाबरल्या. पुष्कळ लोक परक्यांसमोर गिळताना घाबरतात. हरकत नाही. आपण गिळू.”

त्यांनी चमच्यानं माझ्या ओठांत पाणी सोडलं, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि नवरदेवाला पाटावर बसायची विनंती करावी तशा सुरात म्हणाल्या, “गिळा.”

मला हसू आलं. तोंड बांधलेल्या माणसाला हसू येणं हा काय प्रकार असतो ते बांधल्याशिवाय कळायचं नाही. ते वर जाऊ शकत नाही, बाहेर येऊ शकत नाही. मग ते पाण्याला घेऊन मिळेल त्या वाटेनं सुटतं. जोराचा ठसका लागला. पाणी दातांच्या फटींतून आलं, नाकातून आलं, डोळ्यांतूनही थोडं आलं.

बाईंनी निराश होऊन मान हलवली. “गिळा म्हणताच ठसका,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “रोज असेच होते. विचित्र आहे.”

ह्या गोष्टीला आता पस्तीसएक वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीच्या एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करून पोट भरत असे, आणि तोंड बांधलेलं असताना जगातला सर्वांत चांगला विनोद रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या कॉटपाशी येत होता.

आधी माझ्या हनुवटीविषयी सांगायला हवं. मी कुठंही पोचायच्या आधी ती पोचत असे. खालचा जबडा एवढा पुढं की पुढचे दात एकमेकांना जन्मात भेटले नव्हते. त्या फटीतून घास बाहेर येऊ नये म्हणून गिळताना जीभ पुढं धावायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. मिरजेच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे डॉक्टर रणदिव्यांनी, जबडा कापून मागं सरकवला आणि दार व्यवस्थित बसवलं. जिभेला मात्र कुणी कळवलं नाही. ती आपली प्रत्येक घोटाला पुढं धावायची, भिंतीवर आपटायची आणि गोंधळून तिथंच थांबायची. एव्हाना घोट निघालेला असायचा, आणि तो श्वासाच्या वाटेला लागायचा. म्हणून नळी.

जिभेची समजूत घालायला कात्यायनी हेगडे नावाच्या बाई नेमल्या होत्या. शिरसीकडच्या. घरात कानडी, शिक्षण इंग्रजीत. मिरजेत नेमणूक झाल्यावर ज्या लोकांचं तोंड उघडायचं त्यांची भाषा यायलाच हवी, म्हणून त्यांनी शब्दकोश आणून मराठी शिकून घेतली होती. वाक्यांना इस्त्री केलेली असायची. ‘आपल्या जिभेचे घर लहान झाले आहे,’ त्या मला सांगत, ‘परंतु भाडेकरू जुनाच आहे. जिभेच्या मुळाशी एक लहानसे हाड असते, तेही थोडे सरकले आहे. काही काळात ते आपली जागा धरेल. तोवर जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवावे आणि गिळावे.’

सगळं खरं होतं. फक्त शब्दकोशानं त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. मराठी माणूस जेवतो, खातो, घास घेतो, चार घास पोटात ढकलतो. गिळतो तो फक्त ज्याचं तोंड बघायची इच्छा नसते तो. गोळीचं ठीक आहे, गोळी कुणीही गिळावी. पण अन्न पुढं ठेवून ‘गिळा’ म्हटलं, की ते ताट आपटून म्हटल्यासारखंच ऐकू येतं. बाई ते सनईच्या सुरात म्हणायच्या.

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्या दिवशी ठसका ओसरल्यावर मी पाटीवर लिहिलं: ‘गिळा म्हणू नका.’

बाईंनी वाचलं. त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“असे निराश होऊ नये, चिंतामणराव. मी म्हणणार. आपण गिळणारच.”

मी जोरजोरात मान हलवली. त्यांनी पाटी पुसून टाकली, कारण असले विचार रुग्णाच्या डोळ्यांसमोर राहू नयेत.

“गिळा,” त्या म्हणाल्या.

ठसका.

तेवढ्यात डॉक्टर रणदिवे आले. हे गृहस्थ वाक्यंसुद्धा सुरीनं कापल्यासारखी बोलत. “जमतंय?”

“नाही सर. सूचना दिली की ठसका लागतो.”

“चिंतामणराव, लग्न परवा ना बहिणीचं? मग ऐका. उद्या सकाळी राउंडला माझ्यासमोर एक कप पेज. न खोकता. जमलं, तर नळी बाहेर आणि तुम्ही तासगावला. नाही जमलं, तर नळी आत आणि तुम्ही इथं. पेज फुप्फुसात घेऊन मी कुणाला लग्नाला पाठवत नाही.”

ते निघून गेले, आणि माझं हसू त्यांच्याबरोबर गेलं.

कारण लग्न नलूचं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात पुरुषमाणूस म्हणजे मी. त्यातून लग्नात वराचा कान पिळायचा मान वधूच्या भावाचा असतो: आमच्या मुलीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे. सख्खा भाऊ नसेल तर चुलतभाऊ, मावसभाऊ कुणीही चालतो. आमच्याकडे मावसभाऊ प्रल्हाद तयारच होता. प्रल्हादला तालमीचा नाद. मागं एका लग्नात त्यानं ही प्रेमाची कानपिळी इतकी मनापासून केली होती, की नवरदेवानं मुंडावळ्या सोडून ठेवल्या होत्या आणि त्या पुन्हा बांधायला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना हात जोडावे लागले होते.

दुपारी नलू आली. अंगावर लग्नघरातली धावपळ तशीच, केसांत अडकलेली एक अक्षत.

“दादा, डॉक्टर काय म्हणाले ते मला वॉर्डबॉयनं सांगितलं. आणि बाहेर आई फणा काढून बसलीय. ती म्हणते, हॉस्पिटल बदलायचं. दोन दिवसांवर लग्न, आणि हॉस्पिटल बदलायचं!”

मी खांदे उडवले.

“खांदे काय उडवतोस? प्रल्हाददादा सकाळपासून बोटं मोडत फिरतोय. विद्याधरचे कान आधीच नाजूक आहेत, थंडीतसुद्धा दुखतात.” मग ती कॉटच्या कडेवर बसली आणि तिचा आवाज बदलला. “बाबा नाहीत. तूही नसलास, तर माझ्या बाजूनं उभं कोण राहणार रे? मला नाही जायचं असं बोहल्यावर.”

मी पाटी ओढली आणि भराभर लिहिलं: ‘बाई कानडी. त्यांना गिळचा अर्थ माहीत नाही. त्या म्हणतात, मला हसू येतं, ठसका लागतो. आईला सांग.’

नलूनं वाचलं. पुन्हा वाचलं. “म्हणजे रोज तुला त्या...”

मी मान डोलावली.

“आणि आज आईला...”

मी मान डोलावली.

नलू तोंडावर ओढणी धरून इतकी हसली, की कॉटची चाकं हलली. पलीकडच्या कॉटवर मोटरसायकलवरून पडून जबडा आणि एक हात मोडून घेतलेले यादवमामा होते, ते कुशीवर वळून बघायला लागले. तुम्ही विचाराल, हे मी पाटीवर लिहून आईलाच का दाखवलं नाही? आईला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नसे, आणि चारचौघांत चष्मा लावला तर माणूस म्हातारा दिसतो असं तिचं मत होतं. तिच्या हिशेबी मिरज म्हणजे चारचौघं.

नलू व्हरांड्यात गेली. तिथून आधी आईचा आवाज आला, “काहीतरी सांगू नकोस!” मग नलूची कुजबुज. मग “शब्दकोशातनं?” आणि मग आई छत्रीसकट आत आली ती सरळ हेगडेबाईंसमोर जाऊन उभी राहिली. सकाळी चिडून गेलेली बाई हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं. परक्या मुलखात एकटी पोर, आणि तिला नीट शिकवणारं कुणी नाही, एवढं आईला पुरेसं होतं.

“हे बघा बाई, बसा इथं. जेवणाऱ्या माणसाला ‘गिळा’ म्हणायचं नाही.”

“का?”

“शिवी वाटते.”

हेगडेबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यादवमामांकडे बघितलं, मग वॉर्डातल्या एकेका कॉटकडे बघत गेल्या. ज्यांना ज्यांना त्यांनी आजवर विनंती केली होती ते सगळे त्यांना आठवत असावेत. “मी मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या वडिलांनाही म्हटले होते,” त्या अस्फुट म्हणाल्या. “दोन वेळा.”

“होतं असं. आता पुढचं बघा. म्हणायचं, ‘सावकाश होऊ द्या.’”

“काय होऊ द्यावे?”

“ते सांगायचं नसतं. नुसतं होऊ द्या म्हणायचं.”

“सावकाश होऊ द्या,” बाईंनी जिभेवर घोळवून पाहिलं. त्यांचे डोळे चमकले. “परंतु हे तर शास्त्रीयदृष्ट्याही उत्तम आहे! घोट सावकाशच व्हावा. हे कोणी शोधले?”

“आमच्याकडे पहिल्यापासून आहे,” आई विनयानं म्हणाली.

“मग ‘गिळा’ कोणाला म्हणतात?”

“चांगल्या घरात कुणालाच म्हणत नाहीत,” आई म्हणाली.

मी पंख्याकडे बघितलं.

“लहानपणी चिरंजीवांचे कसे होत असे?” बाईंनी विचारलं. “जुन्या सवयी कळल्या तर उपयोग होईल.”

“सावकाशच की! घास गालात धरून बसायचा. शाळेची घंटा झाली तरी गाल फुगलेला.”

“मग आपण काय करत होता?”

“मी?” आईनं पदर सारखा केला. “मी प्रेमानं समजूत घालायची.”

मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘खोटं.’

“काय लिहिलंय त्यानं?” आईनं डोळे बारीक केले.

नलूनं पाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं. “‘खरं आहे’ असं लिहिलंय,” ती म्हणाली. ही मुलगी संसार नीट करणार, ह्याची मला त्या क्षणी खात्री पटली.

संध्याकाळी सराव झाला. “सावकाश होऊ द्या,” बाई म्हणाल्या, आणि काय सांगू, हसू आलं नाही! पाणी बराच वेळ तोंडात हिंडलं, जिभेनं पुढच्या भिंतीला एकदा टक्कर दिली, मग ते कुठूनतरी वाट काढून खाली गेलं. ठसका नाही. बाईंनी माझ्या गळ्यावरची बोटं काढली आणि टाळी वाजवली. यादवमामांनीही बांधलेल्या हातानं मांडीवर थाप मारली. आईनं त्याच संध्याकाळी माझी बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ठेवणीतलं इरकल नेसून आली. इथूनच लग्नघरी जायचं होतं. डॉक्टर रणदिवे आले, त्यांच्यामागं शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. सगळे माझ्या कॉटभोवती उभे राहिले. हेगडेबाईंच्या हातात किटलीसारखी चोच असलेला कप होता, त्यात भाताची गाळलेली पेज. कालच्या लाजेमुळे की काय, त्या आज अगदी ताठ उभ्या होत्या. त्यांचंही काहीतरी पणाला लागलेलं होतं. ज्यांच्या वडिलांना दोनदा ‘गिळा’ म्हटलं, त्यांच्यासमोर हे चाललं होतं.

“सुरू करा,” डॉक्टर म्हणाले.

पहिला घोट तोंडात आला. कोमट, मिठाची कणी घातलेला.

“सावकाश होऊ द्या,” बाई म्हणाल्या.

“हे काय?” डॉक्टर.

“सर, सूचनेचा शब्द बदलला आहे.”

मी जिभेचं टोक वर टेकवलं. आता गिळायचं. पण एवढी माणसं आपल्या गळ्याकडे टक लावून बघतायत म्हटल्यावर गळा बावरतो हो! जीभ वर टेकली ती टेकलीच. तिला इतक्या आदरानं ‘सावकाश’ म्हटलं होतं, की ती पंगतीत लोड मिळालेल्या पाहुण्यासारखी निवांत बसली. पेज हळूहळू सरकत उजव्या गालात गेली आणि तिथं मुक्कामाला थांबली.

“सावकाश होऊ द्या,” बाई पुन्हा म्हणाल्या.

काहीच होईना. मी घाम पुसला. एक शिकाऊ डॉक्टर दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. माझ्या डोळ्यांसमोर प्रल्हाद आला, बाह्या सारत. त्याच्या समोर विद्याधरचा नाजूक कान. आणि मागं नलू, तिच्या बाजूला कुणीच नाही. घोट जागचा हलेना. उलट तो आता गरम व्हायला लागला होता.

“चिंतामणराव, आज होईल का?” डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.

मी मान डोलावली, म्हणजे होईल. डोलावताना पेज गालातल्या गालात डचमळली.

“राहू दे,” डॉक्टर म्हणाले. “बाई, नळी राहू द्या. पुढच्या आठवड्यात बघू.” आणि ते यादवमामांच्या कॉटकडे वळले.

हेगडेबाईंनी मान खाली घातली.

आणि माझ्या डाव्या बाजूनं, इरकलाच्या काठाची सळसळ होऊन, एक आवाज आला. तो मी चांगलाच ओळखत होतो. तो तासगावच्या स्वैपाकघरातून निघून, अंगण ओलांडून, पार शाळेच्या फाटकापर्यंत यायचा.

“अरे, गिळ की मेल्या! गालात काय धरून बसलायस? गिळ!!”

गेला.

मी काही केलं नाही. मला विचारलंच नाही कुणी. जीभ उठली, पेज गालातून ओढून काढली, टाळ्याला नीट दाबली, गळा वर चढला, खाली आला, आणि घोट बिनबोभाट पोटात उतरला. ठसका नाही, खोकला नाही. जबडा मागं गेलाय, हाड सरकलंय, घर लहान झालंय, ह्यातलं काहीही त्या जिभेला आठवलं नाही. हुकूम आला, ती कामाला लागली.

डॉक्टर रणदिवे वळले.

“हे काय होतं?”

“सर,” हेगडेबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, “ती रुग्णाची मातृभाषा होती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. “परत,” ते म्हणाले.

बाईंनी दुसरा घोट दिला. सगळे आईकडे बघायला लागले. आई लाजून लाल झाली होती. इतक्या डॉक्टरांसमोर! तिनं खाकरून घसा साफ केला, पदर घेतला आणि भिडस्तपणे म्हणाली, “गिळ हं बाळ.”

काही झालं नाही.

“मघासारखं,” डॉक्टर म्हणाले.

“गिळ मेल्या!”

गेला.

“परत!”

“गिळ! हां. आता पुढचा. धरून ठेवू नकोस! तुझ्या गालात काय पोतं आहे का? गिळ!”

आईला सूर लागला. बाई कप कलवत होत्या, आई तोंड सोडत होती, मी घोटामागून घोट रिचवत होतो, शिकाऊ डॉक्टर पुढं सरकून टाचा उंच करून बघत होते. यादवमामा दोन दिवस एक कडू औषध नको म्हणून हट्ट धरून बसले होते. आईच्या एका ‘गिळ’ला त्यांनी चमचा हातात घेऊन ते मुकाट्यानं पिऊन टाकलं. कपाचा तळ दिसला तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नळी काढताना नाकाच्या आत आग झाली. मला ती उत्सवातल्या फटाक्यांसारखी वाटली.

“जा लग्नाला,” डॉक्टर म्हणाले. “पातळच घ्यायचं. बोलायचं नाही. आणि जेवताना आईंना शेजारी ठेवा.”

ते गेल्यावर आई एकदम गडबडली. बॅगेची चेन लावत ती हेगडेबाईंना म्हणाली, “मी एरवी घरात हा शब्द...”

“चांगल्या घरात म्हणत नाहीत, असे आपण काल म्हणाला होता,” बाई म्हणाल्या. त्या चिडवत नव्हत्या. त्यांना खरंच शंका होती.

“तुम्ही उद्या लग्नाला या,” आई म्हणाली. “मुहूर्त सकाळचा आहे. नक्की या.”

दुसऱ्या दिवशी तासगावला मी नलूच्या बाजूनं उभा राहिलो. विद्याधरचा कान पिळला. अशक्तपणामुळे माझ्या बोटांत जोर नव्हता, पण तो गृहस्थ भला, त्यानं मोठ्यानं “आई गं!” केलं आणि माझी लाज राखली. नलू अंतरपाटाच्या वेळी रडली नव्हती, ती तेव्हा रडली आणि हसली. प्रल्हाद माझ्या मागंच उभा होता. त्यानं आपल्या बोटांची हौस शेवटी एका लोडाचा कोपरा पिळून भागवली.

मग पंगत बसली. केळीची पानं, जिलबी, मठ्ठा. मला एका टोकाला चोचीचा कप घेऊन बसवलं होतं, शेजारी हेगडेबाई. त्या एका साध्या साडीत आल्या होत्या आणि येताना नलूसाठी शिरसीच्या सुपाऱ्या घेऊन आल्या होत्या. त्या डावीकडच्या माणसाला, उजवीकडच्या माणसाला, समोरच्या व्याह्यांना, प्रत्येकाला अदबीनं “सावकाश होऊ द्या” म्हणत होत्या. व्याही खूष झाले. “ह्या बाई कुणाकडच्या? फार वळणाच्या दिसतात,” असं त्यांनी विचारल्याचं मी ऐकलं.

आई जिलबीची परात घेऊन वाढत आली. वराकडच्या एकेका पानापाशी वाकून, “घ्या ना, अजून एक, सावकाश होऊ द्या” करत ती आमच्यापाशी पोचली. हेगडेबाईंच्या पानावर एक जिलबी तशीच होती.

“मातोश्री, पोट भरले. क्षमा असावी.”

“काही क्षमा नाही,” आई म्हणाली. तिनं परात कमरेवर टेकवली. “वाळलीयस नुसती. एकटी राहतेस, काय खातेस देव जाणे. गिळ मुकाट्यानं.”

समोर व्याह्यांचा घास हातात राहिला. वराकडच्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हेगडेबाईंनी वर बघितलं, अगदी गोंधळून.

“मातोश्री,” त्या हळूच म्हणाल्या, “हा शब्द तर...”

“परक्याला म्हणत नाहीत,” आई म्हणाली. “तुला म्हणतेय.”

आणि तिनं पानावर आणखी एक जिलबी टाकली व पुढच्या पाहुण्याकडे वळून म्हणाली, “घ्या ना, सावकाश होऊ द्या.”

बाईंनी जिलबीचा तुकडा मोडून तोंडात घातला. मी एव्हाना ह्या विषयातला जाणकार झालो होतो, म्हणून नीट लक्ष दिलं. टोक वर टेकलं, ओठ मिटले, गळा वर चढला. सगळं शास्त्राप्रमाणे. मग तो मधेच थांबला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना जोरदार ठसका लागला.

आईनं परात ठेवून त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. मी मठ्ठ्याचा पेला पुढं केला, त्यांच्याकडे झुकलो, आणि डॉक्टरांची बंदी मोडून, रबरांच्या आडून, जमेल तितक्या स्पष्ट उच्चारात म्हणालो, “हावहाह होऊ ह्या.”

पंगतीत कुणालाच काही कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी डोळे पुसले, मठ्ठ्याचा घोट घेतला, आणि दुसरी जिलबी स्वतःहून उचलली.